खिडकीतून धरलेली जागा

माझ्या सात वर्षांच्या मुलीला मी एसटीच्या खिडकीतून आत ढकललं, जागा धरायला, आणि ती गाडी आमची नव्हती. गाडी तिला घेऊन निघून गेली. एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. घाईगर्दीत माणसाकडून अशा चुका होतात. पण पोरगी गाडीत कशी गेली असं मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "ती आपणच चढली." हे तीन शब्द मी पुढची अकरा वर्षं सांभाळले. देवीनं लेक त्याच दिवशी परत दिली. मी मात्र देवीला जे बोललो होतो ते द्यायला अकरा वर्षं लावली. हे लिहितोय ते त्यासाठी. चमत्कार सांगण्याचा अधिकार माझा नाही. जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

मी औरंगाबादला राहायचो आणि वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला काम करायचो. मूळ गाव वैजापूर तालुक्यात, थोडी कोरडवाहू जमीन, ती मोठे भाऊ बघत. आमची कुलदेवी म्हैसमाळची गिरिजामाता. देवावर माझा गाढ विश्वास होता असं नाही आणि नव्हता असंही नाही. सणवार, ओटी, नारळ हे सगळं घरात चालत आलेलं होतं म्हणून चालू होतं. मुलगी अश्विनी झाल्यावर सहा वर्षांनी मुलगा झाला आणि त्याचं जावळ देवीच्या दारात काढायचं असं मीच बोलून ठेवलं होतं. अश्विनीच्या वेळी असं काही बोललो नव्हतो. तिचं जावळ घरीच, न्हावी बोलावून, ओट्यावर काढलं होतं. तेव्हा त्यात काही वेगळं केलं असं मला वाटलंही नव्हतं.

चैत्री पौर्णिमेला म्हैसमाळला यात्रा भरते. मुलगा अकरा महिन्यांचा झाला होता. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझा मेहुणा असे पाच जण पहाटेच निघालो. मेहुणा लागतोच, कारण जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. गाडीला तुडुंब गर्दी. खुलताबादपर्यंत उभ्यानं, तिथून वरपर्यंतही उभ्यानं. देवळापाशी झाडाखाली न्हाव्यानं वस्तरा काढला तसा मुलगा जो रडायला लागला तो थांबेना. अश्विनी त्याच्यासमोर उकिडवी बसून दोन्ही हातांनी कान धरून तोंडं वेडीवाकडी करत होती, आणि तिच्याकडे बघता बघता तो गप्प झाला. केस देवीला वाहिले, डोक्याला हळद लावली, ओटी भरली. उतरताना अश्विनीनं आईला विचारलं, "माझे केस देवीला दिले होते का गं?" पत्नी म्हणाली, "तुझे घरीच काढले." मी ते तिथंच सोडून दिलं.

परत खुलताबादच्या स्टँडवर आलो तेव्हा दुपार टळली होती. चैत्राचं ऊन. पत्नी मुलाला पदराखाली घेऊन लिंबाच्या सावलीला टेकली, शेजारी पिशव्या. मेहुण्याचे पाय दुखत होते आणि त्याला थट्टा करायची सवय आहे. तो म्हणाला, "दाजी, सकाळधरनं हुभ्यानंच हिंडवलंत. आता जाताना तरी बूड टेकवाल का नाय? शहरात ऱ्हाऊन येक जागा धरता येत नाय तुम्हाला." पत्नी हसली. तो गमतीनं बोलला होता, पण मला ते लागलं. मी अश्विनीचा हात धरला आणि म्हणालो, "बघाच आता." गाडी वळणावर दिसली. तिच्या पाटीवर मी 'औरंगाबाद' हा शब्द वाचला आणि पळत सुटलो. शहराचं नाव तेव्हा पाटीवर तसंच असायचं. त्या शब्दाच्या पुढे कन्नड आणि चाळीसगाव असंही लिहिलेलं होतं. पाटीवर गाडीची दोन्ही टोकं असतात, आणि ती येतेय की जातेय ते तिच्या तोंडावरून ओळखायचं असतं. जन्मभर एसटीनं हिंडलेल्या माणसाला हे कळत नाही असं नाही. पण मला त्या वेळी जागा धरायची होती आणि मेहुण्याला दाखवायची होती.

दाराशी माणसांचा गठ्ठा झाला होता. मी पलीकडच्या बाजूला गेलो, अश्विनीला काखेत हात घालून उचललं आणि खिडकीतून आत सोडलं. आमच्याकडे हे कुणाला वावगं वाटत नाही. कुणी टोपी टाकतं, कुणी पिशवी, कुणी लेकरू. टोपी उचलून बाजूला ठेवता येते, लेकराला कुणी उठवत नाही. मी तिला माझा रुमाल दिला आणि म्हणालो, "हा शेजारी टाक. कुणी कितीही उठवलं तरी उठायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, आमचं माणूस येतंय." तिनं मान हलवली. मी गाडीला वळसा घालून सावलीकडे गेलो, पिशव्या उचलल्या आणि म्हणालो, "चला, जागा धरलीय." मेहुण्यानं गाडीकडे बघितलं आणि तो म्हणाला, "दाजी, ही तर चाळीसगावची हाय. आपली अजून यायचीय." तेवढ्यात बेल वाजली, गाडी हलली आणि वेरूळच्या घाटाकडे वळली.

पत्नीनं इकडेतिकडे बघितलं. "आशू कुठंय? तुमच्याबरोबर होती ना?"

आणि मी म्हणालो, "होती... गाडीपाशीच होती. ती आपणच चढली वाटतं."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. तोंडातून आलं. पण ते आल्यावर मला हलकं वाटलं, हेही मला आठवतं, आणि आजही त्याचीच लाज अधिक वाटते. मेहुणा गाडीमागे पळाला, ओरडला, पण त्या गोंगाटात कोण ऐकणार? पत्नी मुलाला घेऊन उभी राहिली. मुलगा रडू लागला. मेहुण्याला म्हणालो, "तुम्ही ह्यांना घेऊन इथंच थांबा. इथून हलू नका. मी घेऊन येतो." त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. गाडी चाळीसगावला जावो नाहीतर आणखी कुठे, मी तिला गाठणार होतो.

स्टँडबाहेर काळीपिवळी जीप उभी होती. काळीपिवळी म्हणजे चौदा माणसं कोंबल्याशिवाय जागची हलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आत सहा-सात जण बसलेले होते आणि पांढऱ्या दाढीचा ड्रायव्हर पायरीवर बसून चहा पीत होता. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. "मुलगी... कन्नडच्या गाडीत..." एवढंच बहुतेक. त्यानं उरलेला चहा मातीत ओतला आणि आतल्या माणसांना म्हणाला, "उतरो भाई, सब उतरो. बच्ची का मामला है." एक म्हातारा कुरकुरला, "आरं, तासभर झाला आमी बसलोय." ड्रायव्हर म्हणाला, "बैठे थे ना बाबा, अब थोडा खड़े रहो." सगळे उतरले. म्हाताराही उतरला, आणि उतरल्यावर त्यानंच माझ्या मागे दार ओढून घेतलं.

घाट उतरलो. वेरूळला ड्रायव्हरनं पानवाल्याला विचारलं, तर गाडी नुकतीच गेली होती. बरीच माणसं उतरली म्हणाला, पण एकटं लेकरू त्यानं पाहिलं नव्हतं. वेरूळ मागे पडलं आणि सरळ रस्ता लागला. पुढे गाडी दिसत नव्हती. कन्नडला ती किती वेळ थांबेल, त्याच्यापुढे मोठा घाट, घाटाखाली चाळीसगाव, तिथं रेल्वे. माझं मन त्या रेल्वेपाशी गेलं आणि पुढचं बघायला तयार होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीला रीत म्हणून हाक मारली नाही. मी म्हणालो, "आई गिरिजे, माझी लेक दे. मला लुगडं-नारळ बोलायचं नाही. मी सगळ्यांसमोर खरं सांगीन. मीच तिला गाडीत टाकलं असं सांगीन. एवढी लेक दे." हे मी मोठ्यानं बोललो की मनात, मला सांगता येणार नाही. ड्रायव्हर समोर बघत जीप पळवत होता.

आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "गरम हो गई. पानी होना."

मी खाली उतरलो तो वेड्यासारखा. एक क्षण आधी मी देवीपुढे हात पसरले होते, आणि आता तिलाच बोल लावत होतो. हेच का तुझं ऐकणं, असं मी म्हणालो. मी ड्रायव्हरला म्हणालो, "मी पळत जातो पुढं." त्यानं शांतपणे सीटखालून प्लास्टिकचा कॅन काढून माझ्या हातात दिला. "पैदल बस को पकड़ोगे? वो देखो, सामने पाणपोई है. पानी लाओ, पाँच मिनट का काम है." चैत्रात रस्त्याकडेला गावोगावची माणसं पाणपोई घालतात, तशी ती एक होती. चार मेढी, वर उसाचं पाचट, आत दोन रांजण, आणि पुढे बसायला एक लांब दगड. मी कॅन घेऊन निघालो. नजर रस्त्याकडेच होती. पाणपोईपाशी एक सायकलवाला त्या दगडावर टेकायला बघत होता, आणि मला आवाज ऐकू आला.

"हितं बसू नका. आमचं माणूस येतंय."

दगडावर अश्विनी बसली होती. शेजारी माझा रुमाल चारी कोपरे ओढून पसरलेला होता. सायकलवाला हसत बाजूला झाला. तिनं मला बघितलं आणि ती पळत आली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "पप्पा, गाडीतली जागा गेली. पण ही धरलीय."

मी तिथंच, मातीत, गुडघ्यांवर बसलो. मग रांजणाच्या बाजूनं बाईचा आवाज आला. "आलं का गं तुमचं माणूस?" अश्विनी म्हणाली, "व्हय, हेच." ती बाई कासारीण होती, यात्रेत बांगड्या भरून परत निघालेली, पुढ्यात बांगड्यांच्या माळांचं गाठोडं. तिनंच सगळं सांगितलं, पाणी पीत पीत, जणू रोजचीच गोष्ट असावी. "येरूळला गाडी मोकळी झाली. कंडक्टर आला, तिकीट म्हनला, तर हिच्याजवळ तिकीट नाय का माणूस नाय. त्यो बिचारा घाबरला. उठ म्हनला, उतरून देतो, चौकीत नेतो, पर ही जागची हलंना. बापानं सांगितलंय उठायचं नाय, म्हनती. म्या म्हनलं, माझ्याजवळ ये, तर नाय. दोन बांगड्या भरल्या हातात, तरी नाय. मंग म्या म्हनलं, चल गं माये, खाली उतरू आन् तुझ्या बापासाठी याच्यापरीस मोठी जागा धरू. तवा उठली."

मी मान खाली घालून ऐकत होतो. ती म्हणाली, "कंडक्टर म्हनत व्हता कन्नडला न्या. म्या म्हनलं, बाप मागनं येणार तर रस्त्यावरच येणार. म्हून हितं बसलो." आणि मग, "लेकरू लई ऐकणारं हाय. ऐकणाऱ्या लेकराला जपून सांगावं, भाऊ." तिच्या गावाकडे जाणारी तीच एक सोयीची गाडी होती आणि ती तिनं आमच्यासाठी सोडली होती, हे मला नंतर लक्षात आलं. मी रांजणातून कॅन भरत असताना कन्नडकडे जाणारा एक टेम्पो थांबला, तिनं गाठोडं वर दिलं, अश्विनीच्या गालाला हात लावला आणि ती गेली. मी तिला धन्यवाद म्हटलं की नाही, आठवत नाही. तिचा चेहरा मी बघितलाच नव्हता. बघण्याची हिंमत झाली नव्हती.

इथं हे सांगणं संपलं असतं तर बरं झालं असतं. मुलगी सापडली होती. बंद पडलेली जीप नेमकी कुठे बंद पडली होती तेही कळलं होतं. जीप चालू राहिली असती तर आम्ही त्या पाणपोईवरून गाडीच्या मागे सरळ निघून गेलो असतो, आणि ऊन उतरेपर्यंत त्या दोघी तिथं बसून राहिल्या असत्या. ज्या अडचणीला मी शिव्या दिल्या तीच कृपा होती. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असताना, परतीच्या वाटेवर घाट चढताना मी अश्विनीला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, "आई विचारील, गाडीत कशी गेलीस. तर म्हण, मीच चढले."

ती म्हणाली, "पण तुम्हीच ना..."

"हो. पण मी म्हटलं तर आई रडेल. मामा चिडेल."

तिनं जरा विचार केला. "मग मी म्हणते."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं. स्टँडवर उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो एवढंच बोलला, "भाई, उसके सर पे मत रखो." मी मान हलवली. पत्नी धावत आली, तिनं अश्विनीला छातीशी धरलं, मुके घेतले आणि मग एक थोबाडीत दिली. "कशाला गं चढलीस? कुणी सांगितलं होतं?" अश्विनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच चढले." मी पिशव्या उचलल्या.

पुढची अकरा वर्षं आमच्या घरात ही गोष्ट एक गंमत म्हणून सांगितली गेली. मेहुणा आला की म्हणायचा, "काय ताईसाहेब, आज कुठल्या गाडीत चढायचा इचार हाय?" सगळे हसायचे. अश्विनीही हसायची. पण त्या गमतीचे काटे होते. शाळेची सहल पैठणला निघाली तेव्हा पत्नी म्हणाली, नको, ही कुठंही चढून बसते. मैत्रिणीच्या गावी जायचं तर नको. दौलताबादला शेजारणीबरोबर जायचं तरी नको, हिचा भरवसा नाही. माझी मुलगी त्या सगळ्या वर्षांत एकदाही न सांगता कुठे गेली नाही. तिच्याइतकं सांगितलेलं ऐकणारं मूल मी पाहिलं नाही. तरी घरात तिचं नाव उनाड पडलं, आणि ते कसं पडलं हे माहीत असलेली माणसं दोनच होती. त्यातली एक गप्प राहिली कारण तिला तसं सांगितलं होतं. दुसरा मी.

नवस मात्र मी फेडत होतो. दर चैत्री पौर्णिमेला म्हैसमाळ. पहिल्या वर्षी लुगडं-चोळी. नंतर नारळांचं तोरण. एका वर्षी खुलताबादपासून वरपर्यंत अनवाणी गेलो, पायांना फोड आले आणि ते फोड बघून मला समाधान वाटलं. बांगड्यांच्या दुकानांपुढून मी दर वेळी हळू चालायचो, त्या बाईला शोधत. पण चेहराच न पाहिलेल्या माणसाला ओळखणार कसं? बोललो होतो ते सोडून बाकी सगळं मी देवीला देत होतो. लोक मला भाविक म्हणू लागले होते.

अश्विनी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पत्नी म्हणाली, "शहराबाहेर नाही. इथं काय मिळेल ते कर." अश्विनीनं समजावून बघितलं. पत्नी म्हणाली, "सात वर्षांची असताना भर जत्रेत गाडीत चढून गेलीस तू. त्या दिवशी माझा जीव गेला होता. तुला एकटीला मी नाशिकला पाठवू?" अश्विनीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आत गेली आणि तिनं भांडी घासायला घेतली. प्रवेशाचा शेवटचा दिवस आठवड्यावर होता.

दुसऱ्याच दिवशी, यात्रा नाही, पौर्णिमा नाही, मी रजा टाकून एकटाच म्हैसमाळला गेलो. सवयीनं लुगडं घेतलं होतं. गाभाऱ्यात गर्दी नव्हती. गुरवानं लुगडं हातात घेतलं, मला ओळखलं आणि सहज विचारलं, "दरसाल आणता तुम्ही. गाऱ्हाणं घालायला बरं पडंल, बोललं काय व्हतं?" मी गप्प. त्याला वाटलं ऐकू आलं नाही. "नवस काय बोलला व्हता म्हनलं. लुगडंच का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग?" त्यानं लुगडं देवीच्या पायाशी ठेवलं आणि दुसऱ्या कुणाचा नारळ फोडायला घेतला. "आईला काय लुगड्याचा तोटा हाय का? जे बोललं ते करा आन् मोकळे व्हा. हितं का चकरा मारता उगं."

त्याला काहीच माहीत नव्हतं. दिवसातून शंभर माणसांना तो असंच बोलत असेल. पण मी पायऱ्या उतरलो तेव्हा माझं ठरलं होतं. शरण जायचं म्हणजे देवापुढे आडवं पडायचं, असं मी समजत होतो. ते सोपं असतं; देव काही कुणाला सांगायला जात नाही. आपण ज्याच्या आड लपलो असतो ते सोडून बाहेर उघड्यावर उभं राहायचं आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचं, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. त्या दिवशी बाप आणि नवरा म्हणून माझी जी काही पत होती ती मी तिथं ठेवून आलो. परत मिळेल की नाही ते मी बघितलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र देवीचे आभार मानले, की तिनं एवढी वर्षं माझं लुगडं घेऊनही माझा पिच्छा सोडला नाही.

घरी येऊन मी मेहुण्याला बोलावून घेतलं. तो आला, त्याला वाटलं प्रवेशाचं काहीतरी बोलायचं असेल. पत्नी, बारा वर्षांचा मुलगा, अश्विनी, सगळी बाहेरच्या खोलीत होती. संध्याकाळचा चहा व्हायचा होता. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. जागेची ईर्षा, खिडकी, रुमाल, उठू नको असं बजावलेलं, पहिलं खोटं, आणि परत येताना तिच्या तोंडी घातलेलं दुसरं खोटं. संपल्यावर मेहुण्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "मी तर पोरीला नुसतं चिडवत ऱ्हायलो, दाजी." पत्नी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी मारलं होतं तिला." आणि मग, "अकरा वर्षं."

मेहुण्याला ते सहन झालं नसावं. तो म्हणाला, "जाऊ द्या. झालं ते झालं. लेकरू सुखरूप हाय ना? नाशिकचा फारम भरून टाका." पत्नीनंही डोळे पुसत मान हलवली. अश्विनी उठली, चहा ठेवते म्हणाली. म्हणजे सगळं मिटत होतं, आणि मी सुटत होतो. पण मी बोललो होतो ते सगळ्यांना. तिला अजून काहीच बोललो नव्हतो. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तिच्या वाटेत उभा राहिलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, बाप लेकीची कसली माफी मागतो?" मी त्याला म्हणालो, "मागू द्या."

अश्विनी ओढणीचा पदर बोटाला गुंडाळत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे नीट, पूर्ण बघितलं. ते करायला मला वेळ लागला. आणि मी म्हणालो, "आशू, तू चढली नव्हतीस. मी तुला चढवलं होतं. तू माझं ऐकलंस आणि मी तुलाच खोटं पाडलं. आजपर्यंत तुला जे जे बोललं गेलं, जिथं जिथं जायचं राहिलं, ते माझ्यामुळे. तू लहान होतीस तेव्हाच माफी मागायला हवी होती, ती आज मागतो. मी चुकलो, पोरी. मला माफ कर."